शेवंतीकाकूंचा फ्लेक्स

शेजारणीच्या घरात नवा फ्रिज आला की शेवंतीकाकूंच्या पोटात दुखायचं, हे आमच्या लालबागच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारीण म्हणजे मीनाक्षीकाकू. दोघींच्या खोल्या लागून, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आल्या, दोघींना एकेक मुलगा. मीनाक्षीकाकूंचा गौतम मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनिअर झाला तेव्हा शेवंतीकाकूंना चार दिवस जेवण गेलं नाही. मग त्यांनी हट्टाने आपल्या सुशांतलाही जहाजावर धाडलं, आणि तेही गौतमच्याच ओळखीने, त्याच्याच जहाजावर. सुशांत मेसमन म्हणून लागला. म्हणजे नेमकं काय, हे काकू कोणाला सांगत नसत. कोणी विचारलं तर "जहाजावर असतो" एवढंच.

त्या जहाजाला एका देशाने पकडलं. त्यांचं आणि आपलं किती वाकडं आहे ते पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको; नाव मी अजूनही लिहीत नाही. आमच्या हद्दीत घुसलात म्हणून त्यांनी जहाजावरच्या अठराही जणांना आत टाकलं. परराष्ट्र खात्यातल्या एक बाई दिल्लीहून दोन्ही घरांशी फोनवर बोलायच्या. त्यांचं एकच सांगणं असे. "आमची बोलणी चालू आहेत. तुम्ही फक्त गप्प राहा."

पण लालबागला गप्प राहणं कोणाला जमलंय? वाढदिवस असो की श्रद्धांजली, आम्हाला फ्लेक्स लागतोच, आणि माझं पोट त्यावरच चालतं. मंडळाच्या पोरांनी माझ्याच दुकानातून छापून नाक्यावर लावला : 'थर्ड इंजिनिअर गौतम व इतर सहकारी सुखरूप परत येवोत, हीच बाप्पाचरणी प्रार्थना.' फोटो एकट्या गौतमचा. सुशांत 'इतर सहकारी'मध्ये गेला.

संध्याकाळी शेवंतीकाकू दुकानात आल्या. रागावल्या की त्यांची मालवणी सुटते.

"धोंडू, माझो झील कोणीच नाय? त्याचो पण कर. तिच्यापेक्षा दोन फूट मोठो."

"हुद्दा काय टाकू?"

त्या अडखळल्या. मग मोबाइलवर सुशांतचा ट्रेनिंगमधला पांढऱ्या युनिफॉर्मचा फोटो काढून म्हणाल्या, "नौदलाचा वाघ टाक."

"काकू, तो नौदलात कुठे आहे?"

"मीनाक्षीच्या पोराचा छापताना सर्टिफिकेट बघितलं होतंस?"

मी छापला. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची मला सवय नाही. वर माझ्या पदरचं 'शत्रूचा कर्दनकाळ'सुद्धा घातलं. त्याची लाज मला आजही वाटते.

एका चॅनलने तो फ्लेक्स दाखवला आणि आठवड्याच्या आत तोच फोटो त्या देशाच्या पेपरात आला. पुढच्या महिन्यात सतरा जण सुटले. सुशांतला त्यांनी ठेवून घेतलं. नौदलाचा माणूस, म्हणजे हेरच असणार.

गौतम आला तेव्हा चाळीत ताशे वाजले. मीनाक्षीकाकूंनी दारातच त्याला ओवाळलं. शेवंतीकाकूंनी आपलं दार लावून घेतलं होतं. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाल्या, "तोही तिथेच सडला असता तर मला बरं वाटलं असतं." आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मला त्यांचा संताप आला. एकुलता एक मुलगा परमुलखात अडकलाय, तरी ह्या बाईला शेजारणीचं ताट दिसतंय. पण फ्लेक्स छापणारा मीच होतो, म्हणून तसाच दुकानात परत आलो.

दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या बाईंचा फोन आला. त्यांनी फ्लेक्सबद्दल काकूंना सगळं स्पष्ट सांगितलं, पण ओरडल्या नाहीत. "सुशांत नौदलात कधीच नव्हता, हे लेखी हवं. आईचं निवेदन आणि जहाजावरच्या एकाची साक्ष. तिथे तो काय काय काम करायचा ते सगळं लिहा, काही लपवू नका. पुढच्या बैठकीत आम्हाला तेच त्यांच्यासमोर ठेवायचंय."

निवेदन टाइप करायला सगळे माझ्याकडे आले. गौतम साक्षीला, त्याच्यामागे मीनाक्षीकाकू. शेवंतीकाकू स्टुलावर बसल्या.

"लिही," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा जहाजावर भांडी घासतो. कांदे-बटाटे सोलतो. सगळ्यांना जेवण वाढतो."

मी टाइप केलं. "बस झालं, काकू. एवढं पुरे."

"थांब. त्या बाई म्हणाल्या ना, लपवू नका." त्यांनी मीनाक्षीकाकूंकडे बघितलं नाही. "साहेबलोकांच्या केबिनी झाडतो. त्यांची बाथरूम धुतो. गौतमची पण. नाव घालून लिही."

मीनाक्षीकाकूंनी मुलाकडे पाहिलं. हे त्याने चाळीत कधी कोणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. त्याने मान खाली घातली.

प्रिंट निघाली. शेवंतीकाकूंनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि सही कुठे करायची ते मला विचारलं.