सासूनं दिलेला इंगळ

रिकाम्या न्हाव्यानं भिंतीला तुंबड्या लावाव्यात, तशी शाळेतून निवृत्त झाल्यावर मला शब्दांची वंशावळ काढायची खोड लागली. त्याच नादात सेनगावाहून पुसेगावला चंद्रभागाबाईंकडे गेलो. त्यांचे मालक सटवाजी मेंढरं राखायचे. चुलीतल्या लाल निखाऱ्याला बाई इंगळ म्हणायच्या. मी ऐटीत सांगितलं, संस्कृतात अंगार, प्राकृतात इंगाल आणि तुमच्या चुलीत इंगळ.

गोवरी मोडत त्या म्हणाल्या, "आसंल. माह्याकडं सासूपासून हाय."

त्या विस्तवाविषयी बोलत होत्या. वेगळी चूल मांडताना सासूनं खापरात घालून दिलेला तो विस्तव त्यांनी अडतीस वर्षं विझू दिला नव्हता. भाकरी झाल्या की इंगळावर गोवरी ठेवायची, वरून राख ओढायची. सून सीमा गॅसवर चहा करता करता हसायची. बाईंचं मागणं एकच होतं. सटवाजी आधी गेले, तर त्यांच्यापुढे धरायच्या मडक्यात याच चुलीतला इंगळ पडावा.

यंदा पोळ्यानंतर सटवाजींना हिंगोलीला दवाखान्यात ठेवलं. चार दिवस बाई लेकासह उशाशी होत्या; घरी सीमा एकटीच. रोज सकाळी फोनवर सुनेला विचारायच्या, "इंगळ हाय का गं?"

"हाय, आत्याबाई."

पाचव्या दिवशी सटवाजींना जीपमध्ये आडवं घालून आणलं. मी पोचलो तेव्हा बाई चुलीपाशी बसून चिमट्यानं राख सारत होत्या. इंगळ लाल होते. राखेत मधेच त्यांचा हात थांबला. मग चार इंगळ मडक्यात टाकून त्यांनी मडकं लेकाच्या, शिवहारच्या हाती दिलं. त्या रडल्या नाहीत. बायका म्हणाल्या, धीराची बाई. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

तेराव्यानंतर भेटायला गेलो. बाईंनी पदराची गाठ सोडली. आत अर्धी जळालेली आगकाडी होती.

"राखंत सापडली. त्या दिशी."

म्हणजे विस्तव विझला होता आणि भिऊन सीमानं काडी ओढली होती. "सुनेला विचारलं?"

"काहून? एकलं लेकरू. मेंढरं बघन का राख बघन?"

आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं.

"गुरुजी, काडीनं पेटवलेल्याला तुमच्या बुकात काय म्हनत्यात?"

"इंगळच."

"मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या आणि काडी पुन्हा पदराच्या गाठीत बांधून ठेवली.