मोटारीचा सोमवार

माझा थोरला भाऊ रवळू, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, बैलवेडा माणूस. त्यानं स्वतःची जोडी देऊन मोटार घेतली, हे सांगितलं तर आज जांबोटीत हसतील. मीही हसते. तेव्हा आमच्या घरात कुणी हसत नव्हतं.

साल चौतीस असेल, नाहीतर पस्तीस. अण्णाचे दोस्त दोन. मष्णू बेळगावच्या कॅम्पात साहेबाची मोटार पुसता पुसता ती चालवायला शिकलेला. भरमू काहीच न शिकता बोलायला मात्र शिकलेला. त्यानंच डोक्यात घातलं, जांबोटी ते बेळगाव माणसं न्यायची मोटार काढू. निपाणीचा एक तंबाखूवाला जुनी लॉरी काढून टाकत होता. दोघांच्या खिशात वारा, म्हणून अण्णाची जोडी तिकडं गेली आणि लॉरी आमच्या दारात आली.

आमच्या वडिलांनी, आप्पांनी, एवढंच विचारलं, "मिरगाला नांगर कोण वढणार? मष्णू का भरमू?"

लॉरीत बाकं टाकली, पण फटीफटीत तंबाखूची पूड. पहिल्या दिवशी सहा माणसं चढली, मष्णूनं हँडल मारलं, लॉरी हादरली आणि सहाही जण शिंकले. निघताना एक शिंक आली तरी माणूस माघारी फिरतो, इथं तर सहा. सगळे उतरून घरी गेले. आमच्या आईनं, बाळाबाईनं, लॉरी राख लावून तीनदा धुतली. तरी कुणी येईना. ज्याच्या त्याच्या दारात बैलगाडी होतीच. पाटील मारुतीराव जाता-येता लॉरीकडं बोट करून विचारायचे, "काय रवळू, म्हशीनं आज तरी दूध दिलं काय?"

पेरणीचा मिरीग दोन महिन्यांवर आला तसा भरमू एक दिवस पळत आला. "आरं, सोमवार बसवण्णाचा. बैल कोण जुपत न्हाय. पर कोर्ट सोमवारी उघडतंय. तारीखवाल्यांनी जायाचं कशातनं?"

तारीखवाले तोवर आदल्या दिवशी जाऊन धर्मशाळेत पडायचे. भरमूनं गावोगाव सांगितलं आणि त्या सोमवारी सकाळी बाकं भरली. मागच्या कोपऱ्यात तोंड लपवून मारुतीरावही होते. जमिनीच्या दाव्याची तारीख, आणि काल पाहुण्यांत अडकलेले.

तेवढ्यात अण्णा मोटारीपुढं आडवा उभा राहिला. गेलेल्या जोडीची घुंगुरमाळ त्यानं मोटारीच्या तोंडाला बांधली होती, रोज कुंकू लावायचा.

"आज सोमवार हाय," म्हणाला. "जू ठेवायचं न्हाय."

"हिला मान कुठं हाय रं जू ठेवायला?" मष्णू म्हणाला.

"मान न्हाय, पर दमती न्हवं? चढाला तोंडातनं वाफ काढती, बघितलंस की."

भरमूनं कपाळावर हात मारला. पण बसलेले सगळे शेतकरीच. "ते बी खरं हाय," म्हणत एकेक जण उतरायला लागला.

आई पाण्याची घागर घेऊन येत होती. ती तशीच थांबली. "रवळू, सोमवारी बैल बसतोय. घागर बसती व्हय? चूल बसती? मला कधी सोमवार दिलास?"

अण्णाचा हात घुंगुरमाळेवर गेला.

"ही बैलाच्या जातीची न्हवं बाबा, बाईच्या जातीची हाय. वाफ काढती आनि चालती. सर बाजूला."

अण्णानं घुंगुरमाळ सोडून खांद्यावर टाकली आणि बाजूला झाला. उतरलेले परत चढले. वाटेत मोटार दोनदा तापली, दोनदा ओढ्याचं पाणी प्याली, आणि मारुतीरावांच्या नावाचा पुकारा चालू असतानाच कोर्टापुढं जाऊन उभी राहिली. पाटील धोतर धरून पळाले. येताना ते मष्णूशेजारी पुढं बसले, आणि लागेल त्या गावाला सांगत आले, "आमच्या रवळूची मोटार."

पुढच्या सोमवारी जागा पुरेना. मग इतर वारीही माणसं यायला लागली. मिरगाच्या आठ दिवस आधी अण्णा निपाणीला गेला आणि भाड्याचे पैसे मोजून तीच जोडी परत आणली. मोटारीचा मालक चार दिवस बैलांसंगं चालत घरी आला, आणि आल्या आल्या घुंगुरमाळ त्यांच्या गळ्यात घातली.

त्यानंतरच्या एका सोमवारी बैल गोठ्यात रवंथ करत बसले होते. आई ठेवणीतलं लुगडं नेसून मोटारीजवळ आली. मारुतीराव पुढच्या जागेवरून उठून गुमान मागं गेले.

"आई, कुठं निघालीस?" अण्णानं विचारलं.

"कुठं न्हाय. जाऊन येतो."

त्या दिवशी चूल आप्पांनी पेटवली.