सयाजी पेंटरचं लाकडी विमान

महाडच्या बाजारपेठेत किराणावाला आणि शिंपी यांच्या मधे बोळाएवढ्या जागेत सयाजी पेंटरचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. माणूस मूळचा जवळच्या नाते गावचा. जपानशी झालेल्या लढाईत विमानांच्या पलटणीत रंगारी होता, थेट ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर. तिकडून आला तो असा दमून आला, की छप्पन साल उजाडलं तरी त्याचा शीण काही उतरला नव्हता. काम आलं की नाही म्हणायचा नाही, हो सुद्धा म्हणायचा नाही. नुसता रंगाचा डबा उघडायचा. त्याची बायको आवडी म्हणायची, लढाईनं ह्यांना मारलं नाही, पण धड जितंही सोडलं नाही. खोटं कशाला बोला, तिचं बरोबरच होतं.

त्या साली गणपती गेल्यावर कुडपणची बायजा त्याच्या पायरीवर येऊन बसली. डोंगर उतरून पोलादपूरपर्यंत पायी, पुढं एसटीनं. तिनं नाव सांगितलं मात्र, सयाजीनं हातातला ब्रश खाली ठेवला. तिचा मुलगा रायबा त्याच्याच पलटणीत होता आणि तिकडेच राहिला होता. एवढ्या वर्षांत सयाजी एकदाही कुडपणला गेला नव्हता. जायचं मनात आलं की पायच उचलत नसत. आपण परत आलो, तो आला नाही, त्या आईपुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

बायजानं दोष दिला नाही. तिचं म्हणणं एवढंच, की सरकारची तार आली, पण पोराचं म्हणून काही आलं नाही. खंडेनवमीला घरातली कोयती-कुऱ्हाड मांडून पुजायची, शेजारच्यांच्या तर जुन्या तलवारी निघतात. माझ्या रायब्याचं हत्यार कुठं? तेव्हा तो जे विमान उडवायचा ते लाकडाचं करून दे आणि त्यात त्याला बसव, म्हणजे मी हळद-कुंकू वाहीन.

'उडवायचा' म्हटल्यावर सयाजीनं मान खाली घातली. रायबा कधी विमानात बसलाच नव्हता. तो जमिनीवरचा माणूस, विमानाच्या बंदुका पुसायचा, भरायचा. पण आई साऱ्या कुडपणभर पोर आभाळात उडायचा म्हणून सांगत आली होती. तिच्यापाशी तेवढंच तर उरलं होतं. ते काढून घेणारा आपण कोण? सयाजीनं डबा उघडला.

पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणून त्यानं पलटणीतलं हरिकेन जातीचं लढाऊ विमान कोरलं. दुपारी बाजार पेंगायला लागला की ते मांडीवर घ्यायचा. हिरवा आणि मातकट असे दोन रंग, एकमेकांत शिरलेले, पाऊस पडून गेलेल्या रानासारखे. पण पाटीचा रंग चकचकीत, आणि लढाईतल्या विमानाला चकाकी म्हणजे शत्रूला आवतण. मग त्यानं रंगात खडूची पूड घातली, तेव्हा कुठं ती चकाकी मेली. खारीच्या केसांच्या ब्रशानं पत्र्याचे जोड काढले, धुराड्यांमागं काजळी ओढली. फोटोवाल्याकडची टाकाऊ फिल्म धुऊन बसायच्या जागेवरची काच केली. पंखांवरचं वर्तुळ निळं काढलं, आत फिकट निळं. शिंपी म्हणाला, सयाजीराव, मधला लाल टिळा विसरलात की! सयाजी निळाच रंग भरत राहिला. जपान्यांच्या विमानावर लाल गोळा असायचा; लाल दिसलं की आपलेच लोक खालून गोळ्या घालायचे. म्हणून तिकडं सगळ्या विमानांवरचा लाल रंग बुजवायचं काम आलं, आणि ते सयाजीनंच केलं होतं.

राहिला आतला माणूस. बोटाच्या पेराएवढा माणूस त्यानं कोरला, रंगवला, काचेखाली ठेवून पाहिला आणि काढला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. त्या माणसाचा त्याला रायबा करता येईना. मनगट भरून आलं, डोळे चुरचुरायला लागले. शेवटी माणूस काडेपेटीत गेला आणि जागा रिकामीच राहिली.

अष्टमीला बायजा आली. विमान मांडीवर घेऊन तिनं पदरानं पुसलं, काचेतून आत पाहिलं.

"ह्यात रायबा कुठं हाय?"

सयाजीनं उत्तर जुळवून ठेवलं होतं, की काच बारीक आहे, आतलं दिसत नाही. ते त्याच्या तोंडून निघेना. त्यानं पंखाच्या पुढच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं बंदुकांच्या तोंडांवर कापडाचे बारके तुकडे चिकटवले होते.

"हितं हाय, काकी. आत धूळ जाऊ नये म्हणून त्यो ह्या चिंध्या लावायचा. गोळी सुटली की फाटायच्या, त्यो पुन्हा नव्या लावायचा. वर नाय गेला त्यो. कदीच नाय. बॉम्ब पडला तवा खालीच व्हता."

बायजानं त्या चिंध्यांवरून बोट फिरवलं. सयाजीला वाटलं, झालं, म्हातारीचं होतं नव्हतं तेही आपण घालवलं. त्याला स्वतःची शिसारी आली.

"जमिनीवर व्हता?" तिनं विचारलं.

"जमिनीवर."

मग ती हळूहळू सांगायला लागली. तार आली त्या दिवसापासून तिनं धरून ठेवलं होतं, की पोर वरच जळाला, राख वाऱ्यावर गेली, भुईला टेकलाच नाही. माळावर घार घिरट्या घालायला लागली की ती वर बघत नसे. लोकांपुढं मिरवायची खरी, पण घरात आल्यावर तिला घास गिळवत नसे.

"मंग माती मिळाली त्याला?"

"मिळाली. पाऊस व्हता, लाकडं पेटली नायत. मी दिली माती."

"कंच्या हातानं?"

सयाजीनं उजवा हात पुढं केला. नखांत हिरवा रंग अडकलेला होता. बायजानं मांडीवरचं विमान बाजूला ठेवलं, तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावून मोठ्यानं रडायला लागली. किराणावाला तागडी हातात घेऊन बघत राहिला. सयाजीनं हात काढून घेतला नाही.