एव्हिस हीथकोटचं दिवसभराचं तिकीट

एव्हिस हीथकोटच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: तिकीट नीट खरवडणारी आणि बाकीची. बाकीच्यांचाच भरणा जास्त होता.

कॉल्डब्रुकच्या चौकात तिचं वर्तमानपत्रांचं दुकान. तिथल्या उंच स्टुलावर बसून तिनं एकतीस वर्षं दिवसभराची बसतिकिटं विकली. जाड कागदाचं, पोस्टकार्डाएवढं तिकीट. त्यावर तारीख, महिना आणि साल यांचे बारके चंदेरी चौकोन. ज्या दिवशी जायचं त्या दिवसाचे तीन चौकोन नाण्याच्या कडेनं खरवडायचे, ड्रायव्हरला दाखवायचे, आणि मग डर्बीशरच्या डोंगरात कुठल्याही कंपनीच्या बसनं दिवस मावळेपर्यंत हिंडायचं. शेंबड्या पोरालाही जमावं असं काम, पण मोठी माणसं त्यातही माती खायची.

कोणी किल्लीनं खरवडून खालचा आकडाच उडवायचे. कोणी घाईत दोन तारखा उघड्या करायचे आणि तोंड वर करून बदली तिकीट मागायचे. रविवारी मोजे गुडघ्यापर्यंत ओढून चालायला निघणारी शहरी मंडळी तर ढिला ड्रायव्हर सापडला की तिकीट-निरीक्षक चढल्याशिवाय खरवडायचीच नाहीत, म्हणजे नाही चढला तर तिकीट पुढच्या रविवारला तसंच. आणि सगळ्यांत वर ते नेलपॉलिशवाले. चौकोनांवर रंगहीन नेलपॉलिश फासायचं, त्यावरून पेन्सिल घासून खरवडल्याचा देखावा करायचा आणि घरी आल्यावर पुसून टाकायचं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या दोन बायका त्यात होत्या. एव्हिसनं त्यांना तिकीट द्यायचं बंद केलं, आणि का बंद केलं ते भर दुकानात सांगितलं.

वापरून झालेलं तिकीट ती स्वतः घरी येताच केरात टाकायची. जुनी तिकिटं जपून ठेवणाऱ्या माणसाचा तिला संशय यायचा.

तिचा नवरा एलिस त्याच डोंगरातल्या एका कंपनीत ड्रायव्हर होता. तो तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा, बोलायला गोड. चढणाऱ्या प्रत्येकाला त्या भागाच्या रीतीनं 'डक' म्हणायचा आणि चुकीची तारीख दिसली की त्याच गोड आवाजात खाली उतरवायचा. पाद्र्याला उतरवलं, शाळेच्या हेडमास्तरांना उतरवलं. "नवरा उतरवतो आणि बायको विकते," असं गावात म्हणायचे. ते कौतुकानं म्हणतात असा दोघांचाही समज होता.

आता एलिसला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं आणि त्याला बायको ओळखू येत नव्हती. पठाराच्या पलीकडे, दोन बस बदलून जावं लागायचं अशा लार्च हाउस नावाच्या शुश्रूषागृहात तो तीन वर्षं होता. बैठकीच्या खोलीत दाराशेजारची खुर्ची त्यानं पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली होती. ती त्याची ड्रायव्हरची सीट. आत येणाऱ्यानं तिकीट दाखवायचं. नर्सेस गळ्यातलं ओळखपत्र दाखवायच्या, तो "स्टाफ, जा," म्हणायचा. बाकीचे रुग्ण तर त्याच्या मते आधीच्या स्टॉपवर चढलेले होते.

पहिल्यांदा गेली तेव्हा एव्हिस काही न दाखवता आत शिरली. त्यानं तिला हात आडवा घातला. "अरे, मी तुझी बायको आहे," ती म्हणाली. तो हसला. "माझी बायको दुकानात असते, डक. ती कशाला मरायला बसनं हिंडेल?" तिनं रागारागानं पर्स उघडली तर हातात सकाळचं तिकीट आलं. त्यानं ते घेतलं, समोरच्या भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याकडे पाहिलं. त्या फळ्यावर नर्सेस रुग्णांसाठी रोज वार आणि तारीख लिहायच्या. मग तिकीट परत देत तो म्हणाला, "बरोबर आहे. बस. दिवसभर चालेल हे."

तेव्हापासून दर बुधवारी, दुकान अर्धा दिवस बंद असतं त्या वारी, एव्हिस तिकीट दाखवून नवऱ्याशेजारी बसायची. तो तिला रस्त्याच्या गोष्टी सांगायचा, बर्फात अडकलेल्या बसच्या, बसमध्ये विसरलेल्या मेंढीच्या. कधीकधी तिच्याच गोष्टी तिला सांगायचा: माझी बायको अशी फटकळ आहे, तशी हट्टी आहे. ती पाच वाजेपर्यंत ऐकत बसायची. दुकानात कोणी चार वाक्यं जास्त बोललं की घड्याळाकडे बघणारी ही बाई.

आणि मग शहाण्यांना अक्कल सुचली. सगळ्या बस कंपन्यांचं मिळून एक तिकीट मंडळ होतं. त्यात बसची वाट कधी न पाहिलेली पाचसहा माणसं होती. त्यांनी ठरवलं की एकतीस डिसेंबरनंतर खरवडायचं तिकीट बंद, पुढे सगळं फोनवर. दुकानात लावायला त्यांनी एक चकचकीत पोस्टर पाठवलं. त्यावर एक तरुणी फोनकडे बघून दात काढत होती. प्रवास आता आणखी सोपा, असं खाली लिहिलं होतं. ज्या पठारावर एका मैलात फोनला सिग्नलची पट्टी सापडत नाही, तिथे! एव्हिसनं ते पोस्टर उलटं करून त्यावर कांद्याचे भाव लिहिले आणि काचेत लावलं.

उरलेली तिकिटं परत करायची होती. "थोडी ठेव की मागे, कोण विचारतंय?" असं शेजारचा खाटीक पर्सी म्हणाला. एव्हिसनं त्याला असं काही झापलं की तो आठवडाभर वर्तमानपत्राला दुसऱ्या दुकानात गेला. तिनं एक न् एक तिकीट मंडळाला परत पाठवलं. तिच्याजवळ राहिलं ते एकच, आधीच पैसे देऊन घेतलेलं, न खरवडलेलं. त्यावर शेवटचं साल होतं २०२३.

जानेवारीतल्या पहिल्या बुधवारी ती फोनवरचं तिकीट घेऊन गेली. एलिसनं त्या काळ्यापांढऱ्या चौकोनाकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"तिकीट. आता असंच असतं."

"फोन सगळ्यांकडे असतो, डक. तिकीट कुठाय?"

"अरे, ह्याच्यातच आहे."

"मग काढ की बाहेर." त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. "नाही ना? उतर. मागे माणसं खोळंबली आहेत."

एव्हिसला त्याचा राग आला नाही. उलट तिला पटलंच. तिनं शिव्या घातल्या त्या मंडळाला, आणि त्याही कॉरिडॉरमध्ये उभी राहून, चांगल्या खणखणीत. ऐकून जिन्सी धावत आली. ही केरळची नर्स एलिसची सगळ्यांत लाडकी होती. "माझं ओळखपत्र घाला गळ्यात," ती म्हणाली. एव्हिसनं घातलं. एलिसनं तिला आत सोडलं, पण शेजारी बसू देईना. "स्टाफनं ड्यूटीवर पॅसेंजरच्या सीटवर बसायचं नसतं," असं म्हणून त्यानं तिला खिडक्या पुसायला लावल्या.

दुसऱ्या बुधवारी तिनं सुटे पैसे पुढे केले. तो खूश झाला. "कुठलं देऊ?"

तिला पटकन सुचेना. "पठारावरचं," ती म्हणाली.

तो तिला मेंढीची गोष्ट सांगू लागला. ती गोष्ट निम्मी झाली असेल नसेल, त्यानं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. "पठार आलं, डक. सांभाळून उतर, पायरी निसरडी आहे." पंधरा मिनिटं झाली होती; कुठलंही नाव घेतलं असतं तरी सुट्या पैशांचा स्टॉप असाच लवकर येणार होता. एव्हिस उतरली, म्हणजे दाराबाहेर जाऊन उभी राहिली. तिथून पाच वाजेपर्यंत ती त्याची पाठ बघत होती.

"फळ्यावर मागचं साल लिहू का मी?" जिन्सीनं विचारलं. "त्यांच्यासाठी. तुमच्याकडे एक तिकीट आहे म्हणाला होतात ना?"

"म्हणजे फसवू त्याला?" एव्हिस कडाडली. "चाळीस वर्षं त्यानं एक खोटं तिकीट चालू दिलं नाही, आणि त्याची बायको म्हणून मी त्याच्या डोळ्यांत धूळ फेकू? नेलपॉलिशवाल्यांत बसवतेस काय मला?"

"ते रागावणार नाहीत, एव्हिस. तुम्ही आत बसाल, एवढंच."

"तू तुझं काम कर, पोरी."

तो आठवडा तिनं दुकानात सगळ्यांशी भांडून काढला. दुधवाल्याशी, पर्सीशी, फोनवर तिकीट कसं काढायचं विचारायला आलेल्या एका म्हातारीशीसुद्धा. रात्री तिला एलिसचा तो लाघवी आवाज ऐकू यायचा, सांभाळून उतर. तिला त्या मंडळाची चीड आली, पोस्टरवरच्या बाईची आली, आणि शेवटी स्वतःचीच आली. एकतीस वर्षं नाक वर करून काय मिळवलं, तर नवऱ्याची पाठ.

तिसऱ्या बुधवारी, सतरा जानेवारीला, ती लार्च हाउसच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहिली आणि नाण्यानं हळूच तीन चौकोन खरवडले. सतरा, जानेवारी, दोन हजार तेवीस. एकही आकडा उडाला नाही. जिन्सी चहाची गाडी घेऊन आत चालली होती. तिच्या आडोशानं एव्हिस बैठकीच्या खोलीत शिरली, फळ्यावरच्या सालातला चारचा आकडा अंगठ्यानं पुसला आणि तिथे तीन लिहिला. घाईत तीनचं शेपूट लांबलं. जिन्सीनं सगळं पाहिलं आणि ती कपात साखर घालत राहिली. एव्हिस परत दाराबाहेर गेली, आणि चारचौघांसारखी दारातून आत आली.

एलिसनं तिकीट घेतलं. डोळ्यांजवळ नेलं. फळ्याकडे पाहिलं, पुन्हा तिकिटाकडे पाहिलं, पुन्हा फळ्याकडे. मग त्याची नजर तिच्या उजव्या अंगठ्यावर गेली. तो शाईनं काळा झाला होता.

एव्हिसनं अंगठा मुठीत लपवला. तिचं तोंड लाल झालं. उतर, असं तो आता म्हणणार हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणाला असता तर तिला बोलायला जागा नव्हती.

"गारठा आहे बाहेर," एलिस म्हणाला.

"हो."

"लांब जायचंय?"

"शेवटपर्यंत."

त्यानं तिकीट दुमडून तिच्या हातात परत दिलं आणि आवाज खाली आणला. "बस माझ्या मागे. निरीक्षक चढला तर हे दाखवू नकोस. गप्प राहा. मी सांगेन की ही माझी बायको आहे. ड्रायव्हरच्या बायकोला आमच्या गाडीत तिकीट लागत नाही."

एव्हिस खुर्चीवर बसली. तिकीट तिनं पर्समध्ये खोल खुपसलं. मग तिनं विचारलं, "आणि तुमच्या बायकोला कळलं तर?"

एलिसनं दचकून दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. "तिला मात्र सांगू नकोस हं, डक," तो म्हणाला. "तिकिटाच्या बाबतीत ती माझ्याहून कडक आहे. आयुष्यभर तोंड बघायची नाही माझं."

"नाही सांगणार," एव्हिस म्हणाली.