रणपिसेकाकांची चौथी वाटी

माझं सगळं बदललं ते खिरीच्या एका वाटीपाशी. डिसेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे इथला ऐन उन्हाळा होता आणि आमचं टार्निट उपनगर तापलं होतं. मी पार्सलं पोचवायचं काम करत होतो. श्री. दामोदर रणपिसे यांच्या दारावरच्या नंबराचा रंग उडालेला, त्यामुळे त्या रस्त्यावर तीन चकरा मारून माझं डोकं फिरलं होतं. दार उघडताच मी इंग्रजीत ओरडलो, नंबर धड लावता येत नाही का म्हणून. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे पार्सल घेतलं, माझ्या शर्टावरचं आडनाव वाचलं आणि मराठीत म्हणाले, "बरोबर आहे तुझं. उद्या रंगवतो. आत ये, पाणी पी."

आत टेबलावर खिरीच्या तीन वाट्या मांडलेल्या, आणि खुर्च्या रिकाम्या.

"पाहुणे यायचेत का?" मी विचारलं.

"आलेत की. जपानच्या फुटबॉलच्या पहिल्या डिव्हिजनमधून यंदा तीन टीम खाली आल्या. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये त्यांचं स्वागत."

"टीम कसल्या येतात," आतून सुमनकाकू म्हणाल्या. "तिन्ही वाट्या हेच संपवतात, आणि शुगर वाढली की डॉक्टर मला बोलतात."

काकांनी मला विचारलं, "तू काय करतोस?"

"युनी सोडली. सेकंड इयरला."

"कधी?"

"सप्टेंबरात."

काकांनी आत हाक मारली, "सुमन, चौथी वाटी आण."

त्या दिवसापर्यंत ज्याने त्याने मला का सोडलीस तेवढंच विचारलं होतं. बस, खा, असं कोणी म्हटलं नव्हतं.

काका पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. विहारात त्यांना सगळे ओळखतात, पण त्यांची वही फार थोड्यांनी पाहिली असेल. जपानी फुटबॉलच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या विजेत्यांची ती वही आहे, सुरुवातीपासूनची. तरुणपणी ते अंबरनाथच्या कारखान्यातून फिटर म्हणून शिकायला जपानला गेले होते. तेव्हा तिथे कंपन्यांच्या टीम खेळायच्या. काकांच्या कारखान्याची टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिली आली, पण त्या काळी तेवढ्याने वर जाता येत नसे. वरच्या डिव्हिजनच्या तळातल्या टीमला हरवावं लागे. ते हरले. दुसऱ्या दिवशी त्या टीमचा गोलकीपर बरोबर आठ वाजता काकांशेजारच्या मशीनवर हजर होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि रोजच्यासारखं तेल घालायला घेतलं. काका सांगतात, "त्याचं नाव कुठे छापून आलं नाही. मग मीच लिहायला लागलो."

आता विजेते थेट वर जातात, म्हणून पुढच्या वर्षी आपलं विजेतेपद राखायला ते तिथे नसतातच. ते पुन्हा मिळवायचं तर आधी खाली यावं लागतं. उत्तरेकडच्या बर्फाळ बेटावरची टीम अशी तीनदा पहिली आली आहे. दुसऱ्या डिव्हिजनमधून वर गेलेल्या टीमने लगेच पुढच्याच वर्षी सगळा देश जिंकला, असंही दोनदा घडलंय. त्यांतली एक टीम पुढे परत खाली आली आणि परत पहिली आली. काका वर गेलेल्यांची नावं निळ्या शाईने लिहितात आणि खाली आलेल्यांची त्याच शाईने, त्याच अक्षरात. मी एकदा म्हटलं, "काका, यांना लाल शाई पाहिजे." ते म्हणाले, "लाल कशाला? त्यांनी काय गुन्हा केलाय?"

रविवारच्या आमच्या टीमचे काका कोच आहेत. एकदा मी समोरच्या खेळाडूला ढकललं आणि रेड कार्ड घेऊन बाहेर आलो. काका रागावले नाहीत. घरी नेऊन त्यांनी मला वहीची जुनी, पुसट झालेली पानं नव्या वहीत उतरवायला बसवलं. खाडाखोड झाली की पान पहिल्यापासून. चार रविवार मी तेच करत होतो. माझा राग गेला असं म्हणणार नाही. पण हात थांबवायला मी तिथे शिकलो.

आता काचेचं. क्रेगीबर्न उपनगरातल्या आमच्या घरातून मी बाबांशी भांडून निघालो तेव्हा दार इतक्या जोरात आपटलं की शेजारच्या भिंतीवरचा बाबांचा पदवीदानाचा फोटो पडला. आमच्या घराण्यातली ती पहिली डिग्री. काच फुटल्याचा आवाज मी ऐकला आणि तरी चालत राहिलो. हे मी फक्त काकांना सांगितलं होतं. त्यांनी मला न विचारता बाबांना फोन लावला. मी खूप चिडलो. काका म्हणाले, "मी फक्त फ्रेमचं माप विचारलं. अकरा बाय चौदा. वडील तुझे दोनच वाक्यं बोलले. एक माप. दुसरं, तो जेवतो का."

काकांनी गॅरेजमध्ये स्वतः काच कापली, कडा घासल्या आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली. कधी नेतोस, असं आजवर एकदाही विचारलेलं नाही. पाच महिने झाले, ती माझ्या भाड्याच्या खोलीत दाराशी उभी आहे.

हा लेख मी लिहायला घेतला कारण काकांच्या पंच्याहत्तरीनिमित्त विहार काढत असलेल्या स्मरणिकेचं संपादन श्रुती करते. तिच्याबद्दल मला काय वाटतं हे विहाराबाहेरच्या चपलांनाही माहीत आहे. तिने मात्र अजून हो म्हटलेलं नाही. काल मसुदा वाचून ती म्हणाली, "छान लिहिलंयस. पण काच अजून तुझ्याकडेच आहे ना? मग मी हे छापू कसं?" मी भांडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तिचं बरोबर होतं.

काका, आपण आणि काकू दोघंही खूप वर्षं ठणठणीत राहा. आपली शुगर आटोक्यात राहो, नजर शाबूत राहो, आणि वहीतलं प्रत्येक नवं नाव आपल्याच अक्षरात उतरो. येत्या डिसेंबरला टेबलावर जितक्या वाट्या लागतील, तितक्या मांडायला मी येईन. जमलं तर बाबांना घेऊन येईन.

श्रुती, मजकूर पाठवतो आहे. क्रेगीबर्नची ट्रेन गाठायची म्हणून इथेच थांबतो. काच काखेत घेतली आहे. बाहेर पडतो आहे, आणि दार हाताने धरून, आवाज न करता लावतो आहे.