निर्मलच्या गल्लीतली चौकशी

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून आत जातो. विश्वास नाही म्हणून... घरचे म्हणतात, भितो म्हणून. दोन्ही खरं धरा. तरी हा अनुभव सांगतो, कारण यात घाबरण्यासारखं काही नव्हतंच. असतं तर बरं झालं असतं.

१९८८ च्या आसपासची गोष्ट. आम्ही मुधोळचे, मराठी-तेलुगू सीमेवरचे किराणा दुकानवाले. माझी धाकटी बहीण कमल, तिला निर्मल शहराच्या जुन्या गावातलं एक स्थळ आलं होतं. भुसार मालाचं दुकान, मुलगा शिकलेला. आमच्याकडे हो म्हणण्याआधी चौकशीला जायची रीत आहे. त्या घरी कळवायचं नाही. गुपचूप त्यांच्या गल्लीत पायी फिरायचं, चहाच्या हॉटेलात, गिरणीवर विचारायचं — माणसं कशी आहेत? आणि जायचं दोघांनी. आमचे बाबा यातले एक्स्पर्ट. सगळ्या सोयऱ्यांच्या चौकशा तेच करायचे. म्हणायचे, "एकानं इचाराचं, दुसऱ्यानं सांगणाऱ्याचं तोंड पाहाचं. जीभ गोड बोलते, तोंडाले ते जमत नाही."

पण बाबा आदल्या दिवाळीत गेले. काकांचा गुडघा ऐन वेळी धरला. आईनं मला एकट्यालाच धाडलं. "हो का नाही, ते ठरवूनच ये," म्हणाली. कमलनं खाली मान घालून माझी पिशवी भरून दिली. एरवी ही पोरगी इतकी हसायची की बाबांना तिच्या हसण्याचीच काळजी. "हिचं सासरी कसं होईल?" बाबा गेल्यापासून मात्र घरात तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

भैंशाला बस बदलून दुपारी निर्मलला उतरलो. जुन्या गावात शिरलो तर सगळ्या गल्ल्या सारख्याच — दगडी कमान, पडकी तटबंदी, बुरूज, आणि वळलं की पुन्हा तीच कमान! ऊन असं की कुत्रीसुद्धा नालीत बसलेली. दुकानात गिऱ्हाइकाशी तासभर बोलणारा मी, तिथं मात्र विचारायला तोंडच उघडेना. बाबा असते तर एव्हाना कोणाच्या तरी ओट्यावर मांडी घालून बसले असते.

एका हॉटेलात टेकलो, चहा सांगितला. मालकानं दोन कप आणून ठेवले.

"एकच बोला था मैं," मी म्हटलं.

"वो बुजुर्ग के वास्ते. शक्कर कम डाला, उनोच बोले."

मी वळून पाहिलं. बाकडं रिकामं. माणसाचा घोटाळा झाला असेल म्हणून सोडून दिलं... आणि दोन्ही कप मीच प्यायलो. वाया कशाला घालवा? दुसरा खरंच अगोड होता.

पुढं पिठाची गिरणी लागली. चालवणारी बाई मराठी बोलणारी, आमच्याकडच्या बायकांसारखीच 'करतो-जातो' म्हणणारी. भुसारवाल्यांचं विचारताच म्हणाली, "सांगतो न भाऊ, पण आदी त्या बाबाले सावलीत बोलवा. छत्री बगलेत अन् म्हातारा उन्हात! काऊन उभं करून ठेवलं त्याइले?"

आमचे बाबा छत्री नेहमी बगलेत धरायचे, उघडायचे नाहीत. उन्हानं कापड विटतं म्हणे! मी बाहेर आलो. समोर तटाची भिंत आणि तिच्या बुडाला एक शेळी. आणखी कोणी नाही. परत आत गेल्यावर बाई त्या घराबद्दल चांगलंच बोलली असणार, पण माझं लक्ष कुठं होतं?

तिथून त्याच गल्लीत नुसता खालीवर फिरत राहिलो. काय ठरवायचं, कळेना. सगळेच चांगलं सांगतात. त्यांची तोंडं कोण पाहणार? शेवटी "नाही" म्हणून मोकळं व्हावं असं मनात आलं. नाही म्हटल्यानं निदान पोरीचं वाटोळं होत नाही. तेवढ्यात एका दारातून एक बाई बाहेर आल्या.

"मुधोळचे काय तुमी? तुमचे बाबा आत्ताच गेले न!"

मुलाची आई. मला पळताही येईना.

"पाणी देऊन राह्यलो तर घेतलं नाही. पोरीवाल्यानं घेऊ नाही म्हणे. उभ्यानंच बोलले."

"काय बोलले?" मी विचारलं.

"एकच इचारलं. पोरगी लय हसते, चालन का तुमाले? मी म्हणलो, बाबा, तीन पोरं अन् त्याइचा बाप, सारे मुके धोंडे हायेत. घरात कोणी हसणारं आलं तर नवस फेडीन मी. तर बरं म्हणले, अन् गेले बुरजाकडं."

मी पळालो. बुरजापर्यंत, कमानीपर्यंत, पुन्हा बुरजापर्यंत. परक्या गावात, बाप्या माणूस, "बाबा... बाबा..." करत. लोक दारात येऊन पाहायला लागले. दिवस कलेपर्यंत गल्ल्या धुंडाळल्या. कोणी नाही.

घरी येऊन एवढंच सांगितलं — हो. वैशाखात लग्न झालं. आज कमलचं हसणं त्या गल्लीच्या टोकाला ऐकू येतं, सासूच अभिमानानं सांगते.

काका म्हणतात, दुसरा कोणी म्हातारा असेल. छत्र्या काय तुझ्याच बापाकडं होत्या? असेल बुवा. पण मग कमलच्या हसण्याचं त्याला कोणी सांगितलं? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि मी आता शोधतही नाही. सलतं ते वेगळंच. हॉटेलवाल्याला दिसले, गिरणीवालीला दिसले, विहीणबाईंशी तर उभ्यानं बोलले. बाबा दिवसभर माझ्या सोबत होते म्हणे. मी मात्र दिवसभर एकटाच फिरलो.