ताटीच्या पलीकडून

बाबा गेले त्याला आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, म्हातारे नशीबवान. वैशाखातल्या दुपारी आडवे झाले ते झोपेतच गेले. मी मान हलवतो. पण लिहायला बसलोच आहे तर आधी हे लिहायला हवं, की त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात जवळजवळ दीड महिना ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं बोलणं मीच बंद केलं होतं.

बाबा समुद्रपूरकडच्या शाळांतून मास्तरकी करून निवृत्त झाले. आई गेल्यावर मी त्यांना वर्ध्याला माझ्या बिऱ्हाडी घेऊन आलो. सगळी गल्ली त्यांना गुर्जी म्हणायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, त्यामुळे वाचन सुटलं होतं, पण दिवसभरात त्यांच्या लक्षात आलं नाही असं काही नसायचं. मुंग्यांनी अंडी कोणत्या कोपऱ्यात हलवली, निंबाची सावली नेमकी भर उन्हातच कशी दाट होते, माझ्या थोरल्याचा पायजामा होळीपासून किती वर गेला. (“लेकरं उन्हाळ्यात वाढते,” असं त्यांचं ठाम मत होतं.) हे सगळं ते दिवसभर साठवून ठेवायचे आणि संध्याकाळी मी कचेरीतून आलो की सांगायला घ्यायचे. मी सायकल भिंतीला टेकवत असायचो, तेवढ्यात सुरुवात व्हायची…

चैत्रातली गोष्ट. त्या दिवशी कचेरीत चुकीच्या फाइलीवरून हेडक्लार्कनं मला चारचौघांत सुनावलं होतं. डोकं उन्हानं ठणकत होतं. बाबांनी माठाची गोष्ट काढली. जुना माठ पाणी गार का करत नाही, तर त्याची बारीक भोकं बुजतात, आणि माणसाचंही म्हातारपणी तसंच होतं, असं काहीतरी ते सांगत होते. मी तांब्या आपटला आणि बायकोच्या, पोरांच्या देखत म्हणालो, “बाबा, पुरे झालं तुमचं माठपुराण. या घरात कोनाले फुरसत नाई ऐकाची.”

ते “बरं” म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून बाबा माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. “पत्र आलं.” “दूधवाला येऊन गेला.” रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. पण ते रागावलेले दिसतच नव्हते. मी मुद्दाम निंबाचा विषय काढला तर “हो, आहे” म्हणायचे. मी नवा माठ आणला, त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी बोटानं वाजवून पाहिला आणि चांगला आहे म्हणाले. मी वाट पाहत उभा राहिलो. पुढे काही आलं नाही. माझी चिडचिड वाढत गेली, आधी त्यांच्यावर, मग बायकोवर, कारण ती म्हणाली होती की माफी मागा, माठ कशाला आणता. बापाची माफी कशी मागतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात ती कुणी कधी मागितलीच नव्हती.

एका दुपारी डोकं दुखतं म्हणून अर्धी रजा घेऊन घरी आलो. उन्हाळ्यात आमच्या समोरच्या दाराला वाळ्याची ताटी बांधलेली असायची. तिच्यावर पाणी मारलं की आत गारवा आणि तो मातकट गोड वास. आमच्याकडे कावडीनं पाणी भरणारा किसना, बाबांपेक्षा चारदोन वर्षांनीच लहान, बादली-तांब्या घेऊन ताटीवर पाणी मारत होता. आणि आतून बाबांचा आवाज येत होता. बाबा बोलत होते! ताटीत रोज एक खार येऊन वाळा उपसून नेते, तिचं घर आपल्या घराच्या जिवावर गार होतं, असं काहीतरी. किसना “हो जी गुर्जी” म्हणत होता. मी सायकल धरून रस्त्यातच उभा राहिलो. मला किसनाचा हेवा वाटला. तोंडावर ऊन घेत मी माझ्याच घरासमोर चोरासारखा ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी मी किसनाला गाठलं आणि बादली माझ्याकडे दे म्हणालो. मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही. “भाऊ, तुमचाच बाप हाये. चोरून काऊन आयकता?” म्हणाला, पण बादली दिली.

पुढचे आठ दिवस मी किसना होतो. रोज दुपारी तासाभराची सुटी मागायचो. “पंख्याखाली बी गरम होते काय बाप्पा तुले?” असं हेडक्लार्क म्हणायचा, मी ऐकून घ्यायचो. मी पाणी मारायचो आणि आवाज दाबून हुंकार द्यायचो. आतून बाबा बोलायचे… मोहाच्या फुलांबद्दल, आईच्या हातच्या आंबिलीबद्दल, दुपारी पाखरं कुठे जातात त्याबद्दल. आता ते सगळं आठवायला बसतो तर निम्मं आठवत नाही. लिहितो तेही त्यांच्यासारखं उतरत नाही. परवा किसनाला विचारलं, तर त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. मी सांगितलेलं त्यानं दोनदा दुरुस्त केलं. ज्याच्या घरात लहानाचा मोठा झालो त्याचं बोलणं मला पाणी भरणाऱ्या माणसाकडून दुरुस्त करून घ्यावं लागतं.

मृग लागला. गल्लीतल्या सगळ्या ताट्या उतरल्या, आमची अजून दाराला आहे. बायको म्हणते, कुजेल. खारीनं एक कोपरा पार उपसून नेला आहे. कचेरीतून आलो की मी अजून तिच्यावर तांब्याभर पाणी मारतो, मग वास येतो, आणि त्या वासाबरोबर ती आठवी दुपार येते.

त्या दुपारी बाबांनी पाखरांचा विषय मधेच सोडला. मग म्हणाले, “किसना, माह्या पोराचा सभाव वाईट नाई. कचेरीतून आंधी त्याची सायकल घरी येते. तो मंग येते, बऱ्याच उशिरानं. अन् मी सायकलसोबतच बोलाले लागत होतो. चूक माहीच.”

माझ्या हातातली बादली जमिनीवर टेकली.

“बाबा,” मी म्हणालो, “किसना नाई. मी हाये.”

आत खाट करकरली.

“मालूम हाये,” बाबा म्हणाले. “आठ दिस झाले. किसना तांब्यानं मारते पाणी. पुरी बादली पायावर तूच सांडून घेतं.”

ताटीतून पाणी ठिबकत होतं. पलीकडे ते आणि अलीकडे मी, दोघांनाही एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच बहुधा जमलं. ओल्या वाळ्याला कपाळ टेकवून मी म्हणालो, “चूक तुमची नाई, बाबा. माही हाये. मले माफ करा.”